चिखल, मुरूम आणि घाट: फोर बाय फोर गाडी ऑटोमॅटिक घ्यावी की मॅन्युअल?

पहिला जोरदार पाऊस झाला की आमच्या छत्रपती संभाजीनगरात दोन गोष्टी हमखास होतात. एक, रविवारी म्हैसमाळच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. दोन, फोर बाय फोर गाडी घ्यायला निघालेला प्रत्येक जण कुणाला ना कुणाला गाठून विचारतो, ‘ऑटोमॅटिक घेऊ का मॅन्युअल?’ आणि उत्तर देणाऱ्यांचे दोन पक्ष पडलेले असतात. एक पक्ष म्हणतो, खरा ड्रायव्हर असेल तर गिअर हातात पाहिजे. दुसरा म्हणतो, आता कोण क्लच दाबत बसतं राव!

दोघेही गिअरबॉक्सच्या आत काय चालतं ते सांगत नाहीत. ते समजलं की निम्मा वाद आपोआप मिटतो. म्हणून आज जरा खोलात जाऊ.

माझ्या डोळ्यांसमोर यात एक खरा गिऱ्हाईक आहे: माझे मेहुणे. कन्नड तालुक्यात ते जनावरांचे डॉक्टर आहेत. रात्री अकराला फोन येतो, गाय अडली आहे, आणि वस्ती डांबरी रस्त्यापासून दोन किलोमीटर आत, काळ्या मातीतून जाणाऱ्या पांदणीने. वेळेत पोहोचले नाहीत तर वासरू जातं, कधी गायही जाते. दुभती गाय म्हणजे त्या घराचा महिन्याचा पगारच. त्यामुळे गाडी रुतणं हा त्यांच्यासाठी सहलीतला गमतीचा प्रसंग नसतो. शिवाय डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तेव्हा त्यांच्या बाजूने हा प्रश्न बघू.

आधी हे ठरवा, कुठलं ऑटोमॅटिक?

‘ऑटोमॅटिक’ हा एकच शब्द आपण चार वेगवेगळ्या यंत्रांना वापरतो, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. शोरूममध्ये सगळ्यांना दोनच पेडल दिसतात, पण चिखलात गेल्यावर चौघांचे स्वभाव चार.

पहिली एएमटी. भारतात २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून ही घरोघरी पोहोचली. ही मुळात मॅन्युअलच. क्लच तोच, गिअर तेच, फक्त तुमच्या पायाऐवजी आणि हाताऐवजी छोटी यंत्रणा क्लच दाबते आणि गिअर बदलते. जालना रोडच्या ट्रॅफिकमध्ये उत्तम. पण चढावर खडकात अडकल्यावर क्लच किती सोडायचा हे कॉम्प्युटर ठरवतो, आणि त्याला पुढे दगड दिसत नाही. मॅन्युअलचे तोटे सगळे, फायदे मात्र निम्मे.

दुसरी सीव्हीटी. यात दोन पुल्यांवर एक स्टीलचा पट्टा फिरतो. चाक हवेत गरगर फिरून अचानक जमिनीला टेकलं की जो झटका बसतो तो या पट्ट्याला मानवत नाही. खराब रस्त्यावर हळू चालवायला ठीक, त्यापुढे हट्ट नको.

तिसरी ड्युअल क्लच. हिच्याबद्दल आपल्याला जरा आपुलकी हवी, कारण आपल्या शेंद्र्याच्या स्कोडाच्या कारखान्यात अशा गिअरबॉक्सच्या गाड्या जोडल्या गेल्या आहेत. हा कारखाना २००१ पासून चालू आहे. कोडियॅकसारखी मोठी गाडी सात गिअरच्या ड्युअल क्लचवर चारही चाकं फिरवते. महामार्गावर या यंत्राला तोड नाही, गिअर कधी पडला ते कळतही नाही. पण गाडी जागेवरून हलवताना इथेही घर्षणाचाच क्लच असतो. माणूस चालतो त्या वेगाने दगडांतून बराच वेळ सरकायचं म्हटलं की क्लच सतत घसरत राहतो आणि तापतो. तेलात बुडालेला क्लच असेल तर जास्त वेळ तग धरतो, कोरडा असेल तर लवकर कुरकुरतो.

चौथं टॉर्क कन्व्हर्टर. महिंद्रा थार, थार रॉक्स, मारुती जिमनी, टोयोटा फॉर्च्युनर, जीप रँग्लर या सगळ्यांच्या ऑटोमॅटिकमध्ये हेच असतं. ऑफ-रोडसाठी ऑटोमॅटिक म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर, असं धरूनच पुढचं वाचा. बाकी तीन प्रकारांची गाडी कुणी ‘डोंगरात पण चालते’ म्हणून विकत असेल तर मान डोलवा आणि पुढच्या शोरूमला जा.

तेलाने फिरणारं चाक

टॉर्क कन्व्हर्टर समजायला सोपा आहे. शेतातला मोनोब्लॉक पंप डोळ्यांसमोर आणा. आत इम्पेलर फिरतो आणि पाणी जोरात बाहेर फेकतो. आता कल्पना करा, त्या पाण्याच्या झोतासमोर दुसरं एक पात्यांचं चाक ठेवलं. झोत आदळला की तेही फिरायला लागेल. दोन चाकांमध्ये लोखंडाचा सांधा काहीच नाही, मधे फक्त पाणी. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये पाण्याऐवजी तेल असतं, पहिलं चाक इंजिनला जोडलेलं, दुसरं गिअरबॉक्सला. पहिल्या चाकाला तिथेही इम्पेलरच म्हणतात.

यातली खरी कमाल तिसऱ्या पात्यांच्या चाकात आहे, त्याला स्टेटर म्हणतात. दुसऱ्या चाकावर आदळून परतणारं तेल हा स्टेटर अशा दिशेने वळवतो की ते पहिल्या चाकाला मागून आणखी ढकलतं. परिणाम असा की गाडी जागेवर अडलेली असताना, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा, इंजिनची ओढ गिअरबॉक्सपर्यंत पोहोचता पोहोचता साधारण दुप्पट होते. गाडीने वेग घेतला की ही वाढ कमी कमी होत जाते, आणि पुढे लॉक-अप क्लच दोन्ही चाकं एकमेकांना घट्ट धरतो, म्हणजे तेल घुसळण्यात डिझेल वाया जात नाही.

ही कल्पना गाड्यांच्या लोकांची नव्हेच. हर्मान फॉटिंगर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. आणि ‘ऑटोमॅटिक म्हणजे नाजूक’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट: अमेरिकेत १९४० च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने हायड्रा-मॅटिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स विकायला काढला. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नव्हता, त्याचा साधा भाऊ फ्लुइड कपलिंग होता; पण मधे तेल हे तत्त्व तेच. दुसऱ्या महायुद्धात हाच गिअरबॉक्स एम-५ स्टुअर्ट रणगाड्यात बसला. रणगाडा चिखलात चालवतात हे वेगळं सांगायला नको. दुसरीकडे त्याच युद्धातली विलीज जीप तीन गिअरच्या मॅन्युअलवर जगभर फिरली, आणि तीच जीप पुढे महिंद्राने आपल्याकडे आणली. म्हणजे दोन्ही परंपरा एकाच युद्धातून आल्या.

तीन किलोमीटरचं गणित

गिअरबॉक्सच्या आधी लो रेंज आहे का ते बघा. ट्रान्सफर केसमध्ये फोर-लो असेल तर सगळ्या गिअरची ओढ एकदम वाढते आणि वेग तेवढ्याच पटीने कमी होतो. जिमनीत ही पट सुमारे दोन आहे, रँग्लर रुबिकॉनमध्ये चार.

गोल आकड्यांत एक हिशेब करू. पहिला गिअर ४, लो रेंज २.५, डिफरेन्शियल ४. गुणाकार ४०. इंजिन नुसतं धुगधुगत असताना ८०० फेरे घेतं असं धरलं, तर चाक मिनिटाला २० फेरे घेईल. टायरचा घेर अडीच मीटर धरला तर मिनिटाला ५० मीटर, म्हणजे ताशी ३ किलोमीटर. लो रेंज नसेल तर गुणाकार १६ आणि वेग ताशी साडेसात किलोमीटर. दगडगोट्यांत साडेसात म्हणजे भरधाव.

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. समोर अर्ध्या चाकाएवढा दगड आहे. त्यावर टायर चढवताना वेग ताशी ३ किलोमीटरपेक्षाही कमी हवा, जवळजवळ शून्य. मॅन्युअलमध्ये क्लच पूर्ण सोडलेला असेल तर इंजिन आणि चाक लोखंडाने बांधलेले असतात. चाक थांबलं की इंजिन बंद पडणार. बंद पडू द्यायचं नसेल तर हाफ क्लच. आणि हाफ क्लच म्हणजे जात्याचे दोन दगड एकमेकांवर घासत ठेवणं. पीठ पडतं ते क्लच प्लेटचं. वास येतो तो ओळखायला मेकॅनिक लागत नाही.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये चाक पूर्ण थांबलेलं असतानाही इंजिन चालू राहतं आणि ओढ चालूच असते. गाडी दगडाला टेकून उभी, तुम्ही पेडल हळूच दाबता, तेलाचा दाब वाढतो, टायर दगडावर चढायला लागतो. काही बंद पडत नाही, काही जळत नाही. म्हणूनच मुळात कमी ओढ देणारे गिअर असूनही ऑटोमॅटिक गाडी खडकात मॅन्युअलच्या मागे पडत नाही. ‘चढ आला की ऑटोमॅटिक दमते’ हे मत ज्या काळात तयार झालं त्या काळातल्या गाड्या वेगळ्या होत्या. आज तर कंपन्या ऑटोमॅटिकलाच इंजिन जास्त जोराचं देतात. फॉर्च्युनरच्या डिझेलमध्ये मॅन्युअलला ४२० न्यूटन-मीटर टॉर्क आणि ऑटोमॅटिकला ५००. २०२० ची पेट्रोल थार आली तेव्हा मॅन्युअलला ३००, ऑटोमॅटिकला ३२०.

तेलही तापतं, बरं का. एकाच जागी चाकं फिरवत बसलात, रेतीत तर विशेषच, तर गिअरबॉक्सचं तेल उकळायच्या बेताला येतं आणि डॅशबोर्डवर इशारा येतो. तेव्हा इंजिन बंद करायचं नाही. न्यूट्रलला टाकून नुसतं चालू ठेवायचं, म्हणजे तेल कूलरमधून फिरून थंड होतं. क्लच प्लेटला ही सोय नाही, जळाली की जळाली.

काळी माती

दगडाचं झालं. पण आपल्या जिल्ह्याची खरी परीक्षा दगडात होत नाही, मातीत होते. पैठण, गंगापूर, वैजापूर या पट्ट्यातली काळी जमीन म्हणजे बसाल्ट खडक झिजून तयार झालेली चिकणमाती. वेरूळचं कैलास लेणं ज्या खडकात कोरलंय त्याचाच हा भुगा. या मातीतले कण पाणी पिऊन फुगतात. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि पावसाळ्यात त्याच जागी राबडी. शेतकरी वाफसा आल्याशिवाय औत घालत नाही. गाडीवाला मात्र वाफसा बघत नाही, घालतो गाडी.

या चिखलात नियम एकच: चाल तुटता कामा नये. चिखल इतका चिकट असतो की ओढ अर्धा सेकंद थांबली तरी गाडी उभी राहते, आणि उभी राहिलेली गाडी पुन्हा हलवताना चाकं फिरतात, फिरली की खड्डा करतात, आणि खाली मुरूम लागेलच याची खात्री नाही. गोदाकाठी माती कित्येक मीटर खोल आहे. मॅन्युअलमध्ये गिअर बदलताना ती अर्ध्या सेकंदाची खोट येते. म्हणून जाणते लोक चिखलाच्या अलीकडेच थांबून फोर-लोचा दुसरा किंवा तिसरा गिअर टाकतात आणि पलीकडे जाईपर्यंत गिअरला हात लावत नाहीत. ऑटोमॅटिकमध्ये गिअर बदलला तरी ओढ जवळजवळ अखंड राहते. शिवाय जागेवरून निघताना तेलामुळे चाकाला झटका बसत नाही, त्यामुळे ते सहसा गरगर फिरत नाही. इथे ऑटोमॅटिकचं पारडं जड आहे, यात मला शंका नाही.

पण रुतल्यानंतर उलटं होतं. रुतलेली गाडी काढायची जुनी युक्ती म्हणजे झुलवणं: पुढे, मागे, पुढे, मागे, आणि झोक्यावर बाहेर. मॅन्युअलमध्ये पहिला आणि रिव्हर्स पटापट टाकता येतात. ऑटोमॅटिकमध्ये डी आणि आर यांच्यात प्रत्येक वेळी क्षणभर थांबावं लागतं, आणि चाकं फिरत असताना आर टाकणं म्हणजे गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचची परीक्षा. ट्रॅक्टरने ओढायची वेळ आली तर थारसारख्या ज्या गाड्यांत ट्रान्सफर केसला वेगळा न्यूट्रल असतो त्यांचं काम सोपं. तो नसेल तर ऑटोमॅटिक गाडी लांबवर ओढून न्यायची नाही, चिखलातून बाहेर काढण्यापुरतीच.

आणि खरं सांगू? काळ्या मातीत गिअरबॉक्सपेक्षा टायर मोठा. रस्त्याच्या टायरच्या खाचा चार फेऱ्यांत चिखलाने भरतात आणि टायरचा गुळगुळीत गोळा होतो. मग थार असो की फॉर्च्युनर, ती नांगरट करत बसते. राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली, तिच्यात पांदणीवर मुरूम-खडी पडली असेल तर तुमचा हा सगळा प्रश्नच सुटतो. कुठे पडली, कुठे अजून कागदावर आहे.

चढ, उतार आणि फसलेला चढ

खुलताबादच्या आसपासचे मुरमाड चढ घ्या. वर जाताना दोन्ही गाड्या जातात. माणसाचा जीव टांगणीला लागतो तो चढ अर्ध्यावर फसल्यावर. मागे उतार, बाजूला वगळ, आणि गाडी थांबलेली.

मॅन्युअलमध्ये गाडी बंद पडली तर क्रम असा: ब्रेक घट्ट, हॅण्डब्रेक ओढलेला, क्लच दाबून रिव्हर्स, इंजिन चालू, मग क्लच पूर्ण सोडायचा आणि फोर-लोच्या रिव्हर्समध्ये इंजिनच्या धरावर सरळ रेषेत खाली यायचं. हे सगळं तीन पेडल आणि दोन पायांत, घाबरलेलं असताना. सगळ्यात घातक चूक म्हणजे क्लच दाबलेलाच ठेवून नुसत्या ब्रेकवर मागे येणं. मुरमावर चाकं लॉक होतात, गाडी आडवी होते, आणि आडवी गाडी उतारावर उलटते. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक दाबा, आर टाका, ब्रेक हळू सोडा. तीनच गोष्टी. नवख्या माणसासाठी हा फरक सोयीचा नाही, सुरक्षिततेचा आहे.

उतरताना मात्र मॅन्युअल राजा. फोर-लो, पहिला गिअर, दोन्ही पाय पेडलवरून बाजूला. इंजिन आणि चाक लोखंडाने बांधलेले, गाडी तीन-चार किलोमीटरच्या वेगाने बैलगाडीसारखी उतरते. ऑटोमॅटिकमध्ये मधे तेल असल्याने कमी वेगाला इंजिनचा धर थोडा सैल पडतो, गाडी जरा सुटल्यासारखी वाटते. उपाय आहे: डी मध्ये उतरू नका, थारमध्ये मॅन्युअल मोडला घेऊन पहिला गिअर धरा, जिमनीत एल टाका. शिवाय हल्ली हिल डिसेंट कंट्रोल असतो, तो प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा दाबून वेग धरून ठेवतो. काम चोख करतो, पण काम ब्रेकनेच करतो हे विसरू नका. छोट्या उतारावर उत्तम. औट्रम घाटासारख्या लांब उतारावर, दोन्ही प्रकारच्या गाड्यांत, खालच्या गिअरला पर्याय नाही.

ऑटोमॅटिकवाल्यांनी शिकून घ्यावी अशी एक गोष्ट म्हणजे डाव्या पायाने ब्रेक. उजव्याने थोडा जोर, डाव्याने त्याच वेळी हलका ब्रेक. दगडावर चढून पलीकडे उतरताना गाडी धपकन आदळत नाही. रिकाम्या मैदानात सराव करा, जालना रोडवर नको, कारण सवय नसलेला डावा पाय ब्रेकला क्लच समजून खाडकन दाबतो.

जाता जाता: गौताळा हे अभयारण्य आहे. तिथला ठरलेला रस्ता सोडून गाडी आत घालणं गुन्हा आहे, ती कितीही चांगली चढत असली तरी.

पाणी

ओढ्याच्या पाण्यात क्लच दाबू नये हा जुना नियम आजही खरा. क्लचमध्ये पाणी शिरलं तर प्लेट घसरते, आणि गाडी मध्यावर ओढ सोडते. गिअर आधीच टाकून एका दमात पार व्हायचं. ऑटोमॅटिकमध्ये ही भीती नाही, पण गिअरबॉक्सला हवा खेळायला एक ब्रीदर नळी असते. तिचं तोंड पाण्याखाली गेलं तर गरम गिअरबॉक्स थंड होताना पाणी आत ओढतो. तेल दुधाळ गुलाबी दिसायला लागलं की समजायचं. तेव्हा गाडी चालवत राहणं म्हणजे पूर्ण गिअरबॉक्स गमावणं.

कंपनी पाण्याची खोली सांगते, थारची ६५० मिलिमीटर. हा आकडा साचलेल्या पाण्याचा आहे. वाहत्या पाण्यात गुडघाभर ओढसुद्धा गाडी पुलावरून सरकवते. पूल दिसत नसेल तर गाडी कुठलीही असो, अलीकडेच थांबायचं. मेहुण्यांनी एकदा नाल्यापलीकडच्या शेतकऱ्याला फोनवरून सांगत सांगत वासरू सोडवायला लावलं होतं. ते जगलं.

बिघडल्यावर कोण बघणार?

इथे मॅन्युअलची बाजू भक्कम आहे, आणि शहरातले लोक ती नेमकी विसरतात. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग हे काम कन्नड-वैजापूरच्या चांगल्या गॅरेजमध्ये होतं. खर्च झेपणारा असतो. ऑटोमॅटिकमध्ये रोजचा त्रास कमी, पण आतलं काही गेलंच तर तालुक्याचा मेकॅनिक हात लावत नाही. गाडी टोइंगवर शहरात, आणि बिल क्लचच्या कितीतरी पट. फोर्स गुरखाने तर हा प्रश्नच ठेवलेला नाही. ती मॅन्युअलमध्येच येते, वर पुढे-मागे दोन्हीकडे डिफरेन्शियल लॉक. आडरानात, एकट्याने, जुनी होईस्तोवर गाडी वापरणाऱ्याला तिचा विचार करायला मी नक्की सांगेन.

पण हिशेब पुरा करा. क्लच प्लेट हा झिजणारा भाग आहे. रोज चिखलात आणि नगर नाका ते वाळूज अशा शिफ्ट सुटायच्या वेळच्या ट्रॅफिकमध्ये चालणाऱ्या गाडीला तो पुन्हा पुन्हा बदलावा लागतो. ऑटोमॅटिकला साधारण एक ते दीड लाख जास्त मोजावे लागतात, पण तिचं तेल वेळेवर बदललं तर ती वर्षानुवर्षं काही मागत नाही. ‘लाइफटाइम तेल’ असं कुणी सांगितलं तरी चिखल-पाण्यात वापर असेल तर त्यावर विसंबू नका.

मग मेहुण्यांनी काय केलं?

एका ओळखीच्या दोघा भावांकडे एकाच मॉडेलच्या दोन गाड्या आहेत, एक मॅन्युअल, एक ऑटोमॅटिक. श्रावणातल्या एका दुपारी आम्ही त्या दोन्ही गाड्या त्यांच्याच शेताच्या पांदणीवर आणि मागच्या मुरमाड टेकाडावर चालवल्या. बहीणही होती, कारण रात्री कधी कधी तीच गाडी चालवते आणि हे मागे औषधांची पेटी लावत बसतात.

मेहुणे वीस वर्षं मॅन्युअल चालवलेले. चिखल दोन्ही गाड्यांतून पार केला. टेकाडावर मॅन्युअलमध्ये तिसऱ्यांदा क्लच धरून ठेवताना गुडघ्यावर हात गेला. ते काही बोलले नाहीत, आम्हीही नाही. बहिणीने ऑटोमॅटिक पहिल्याच प्रयत्नात वर नेली, आणि मॅन्युअल दोनदा बंद पाडली. तिचं म्हणणं सरळ होतं: ‘रात्री दोनला, पावसात, बॅटरीच्या उजेडात मला क्लचचा विचार करायचा नाही.’ मेहुण्यांचा आक्षेपही सरळ होता: सर्व्हिस सेंटर साठ किलोमीटरवर.

शेवटी टॉर्क कन्व्हर्टरवालीच घेतली. गुडघा चांगला असता आणि चालवणारे ते एकटेच असते, तर मी त्यांना मॅन्युअल घ्या म्हणालो असतो आणि वाचलेल्या दीड लाखातून चांगले टायर, ओढायचा पट्टा आणि हवेचा छोटा पंप घ्यायला लावला असता. आता ती यादी गाडीच्या नंतर, हप्त्याहप्त्याने आली. टायर सगळ्यात आधी.

तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा एवढं विचारून घ्या: फोर-लो आहे का, ट्रान्सफर केसला न्यूट्रल आहे का, गिअरबॉक्स ब्रीदरचं तोंड किती उंचीवर आहे, तेल तापल्याचा इशारा येतो का, पुढे-मागे ओढायचे हूक चासीला लागलेले आहेत का, आणि स्टेपनी पूर्ण मापाची आहे का. गाडी घरी आल्यावर महिन्यातून एकदा फोर-लो टाकून कच्च्या रस्त्यावर थोडी चालवा, म्हणजे ट्रान्सफर केसचा सांधा आखडत नाही. मात्र कोरड्या डांबरावर फोर-हाय किंवा फोर-लोमध्ये वळणं घेऊ नका. अशा बहुतेक गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांमध्ये फरक पचवणारा डिफरेन्शियल नसतो, आणि तो सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो, गिअरबॉक्स कुठलाही असला तरी.